माळ म्हणजे उंच जमीन की ओसाड जमीन? शब्दाचा अर्थ आणि मूळ

माणदेशी :

आमच्याकडे माण-खटावात ‘माळ’ हा शब्द दिवसभर तोंडात असतो. शेरडं माळाला गेलीत. खालचं रान पेरून झालं, माळ अजून राहिलाय. पलीकडच्या माळावरच्या वस्तीला वीज आली. यातला एकही माळ ओसाड नाही. तिथं माणसं राहतात, मेंढरं चरतात, पाऊस बरा झाला तर हुलगा, मटकी, बाजरी येते. तरी छापील मराठीत बघावं तर ‘माळरान’ आलं की त्याच्या आधी ‘ओसाड’ किंवा ‘उजाड’ लागलेलंच असतं. वर्गात मुलांना माळ शब्दाचा अर्थ विचारला तर माळावर राहणारी मुलंसुद्धा ‘पडीक जमीन’ असं लिहितात. घरात एक अर्थ आणि वहीत दुसरा.

हे मनात घोळत असताना मेघदूत पुन्हा वाचायला घेतलं आणि पूर्वमेघातल्या या ओळीपाशी थांबले :

सद्यःसीरोत्कषणसुरभि क्षेत्रमारुह्य मालं
किञ्चित्पश्चाद्व्रज लघुगतिर्भूय एवोत्तरेण ॥

यक्ष ढगाला वाट सांगतोय. नुकत्याच नांगरटीनं सुगंधित झालेल्या ‘माल’ क्षेत्रावर चढ, थोडा पश्चिमेला जा, मग पुन्हा उत्तरेला लाग. ‘पश्चात्’चा अर्थ काही जण ‘त्यानंतर’ असाही घेतात, पण माझं लक्ष ‘माल’कडे आहे. हा माल म्हणजे आपला माळच ना? आणि असेल तर कालिदासाचा माळ नांगरलेला आहे, पहिल्या पावसात त्याला वास सुटलाय, गावच्या बायका ढगाकडे आशेनं बघताहेत. मग ‘ओसाड’ कुठून आलं?

दोन गोष्टी हव्यात. एक, शब्दाच्या मुळाबद्दल जाणकारांनी लिहावं. दुसरी, तुमच्या भागात उंच जमिनीला, डोंगराच्या सपाट माथ्याला, चढावरच्या हलक्या रानाला काय म्हणतात तेही सांगावं. शब्द नुसते देऊ नका, ते कोणत्या जमिनीला लागतात तेही लिहा.

---

रेवातीर :

ताई, तुमचा माल तो आपला माळच. मेघदूतावर संस्कृत टीका, म्हणजे भाष्य, लिहिणाऱ्या मल्लिनाथानं या ठिकाणी सरळ सांगितलंय : माल नावाचं क्षेत्र म्हणजे ‘शैलप्रायमुन्नतस्थलम्’, डोंगराळ उंच जागा. आधाराला तो उत्पलमाला कोश देतो, ‘मालमुन्नतभूतलम्’. माल म्हणजे उंच भूतल. व्याख्येत उंची आहे, ओसाडपणाचा एक शब्दही नाही.

मल्लिनाथ हा मेदकजवळच्या कोलचारमचा मानला जातो, म्हणजे दख्खनच्याच पठारावरचा माणूस. अशी जमीन त्याच्या रोजच्या पाहण्यातली असणार.

टीका बाजूला ठेवली तरी श्लोकात स्वतःचा पुरावा आहे, ‘आरुह्य’. वर चढून. सखल शेतावर कुणी चढत नाही. आणि ‘सीर’ म्हणजे नांगर, ‘उत्कषण’ म्हणजे उकरणं. कालिदासाला उंच आणि पिकाऊ या दोन गोष्टी एकत्र म्हणण्यात काहीच अडचण वाटलेली नाही. त्याच श्लोकाच्या पहिल्या ओळीत ‘त्वय्यायत्तं कृषिफलम्’ आहे, पीक तुझ्या हाती आहे. पाटाचं पाणी नसलेल्या, निव्वळ पावसावरच्या शेतीचं याहून नेमकं वर्णन सापडणं कठीण.

---

टिटवी_नान्नज :

पक्ष्यांच्या नावांनी हा शब्द चांगला सांभाळलाय. माळढोक आणि माळटिटवी ही दोन नावं बघा. ढोक म्हणजे बगळ्या-करकोच्यांसारखा उंच, लांब पायांचा पक्षी. पाण्याकाठचे ढोक वेगळे आणि हा माळावरचा, म्हणून माळढोक. गुजरातीत तो घोराड, राजस्थानात गोडावण. जमिनीवरून पक्ष्याचं नाव ठेवलं ते आपण.

टिटवीचंही तसंच. लाल गाठीची टिटवी पाण्याच्या आसपास, ओढ्याला, तळ्याकाठी. पिवळ्या गाठीची कोरड्या मुरमाड उघड्या जागी, ती माळटिटवी. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना दोन जमिनींतला फरक पक्का ठाऊक होता.

सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. आज तिथं माळढोक दिसणं फार दुर्मीळ झालंय. पण त्या माळावर सकाळी जाऊन बसा. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, धाविक. धाविक पक्षी पळत सुटतो आणि एकदम थबकतो, आणि मुरमाच्या रंगात असा मिसळतो की डोळ्यांसमोर असून दिसत नाही. माळटिटवीची अंडी तर उघड्या खड्यांत असतात, घरटं असं काही नसतंच. पाऊल टाकताना जपावं लागतं. इतकं जगणं जिथं आहे त्याला ‘ओसाड’ म्हणायला मन होत नाही.

---

कृष्णाकाठ :

आमच्या सांगलीकडे जमीन नदीपासून वर मोजत जातात. नदीला लागून मळी. पुराच्या गाळानं, म्हणजे मळानं झालेली, दरवर्षी नवी होणारी. तिच्यावर काळी. विहिरीचं किंवा पाटाचं पाणी असलेलं, भाजीपाला-ऊस लावलेलं रान तो मळा. आणि सगळ्यात वर माळ. मळी, मळा, माळ, तिन्ही शब्द इतके जवळचे की बाहेरचा माणूस हमखास गोंधळतो. पण गावात कुणी गोंधळत नाही, कारण मळ्यात पाणी असतं, मळीत गाळ असतो आणि माळावर जायला चढ असतो.

आणखी एक. आमच्याकडे भाजीला ‘माळवं’ म्हणतात. बाजारात ‘माळवं काय आणलंय?’ असं विचारतात. ते मात्र मळ्यात पिकतं, माळावर नाही. माळ्यांचा संबंध मळ्याशी आणि संस्कृत ‘मालिन्’शी, म्हणजे मुळात माळा गुंफणाऱ्याशी. तेव्हा नुसत्या आवाजावर जाऊन सगळे एका दावणीला बांधू नयेत असं वाटतं.

---

अभंगवाट :

मला हा शब्द दक्षिणेकडून आल्यासारखा वाटतो. तमिळमध्ये डोंगर म्हणजे मलै, मल्याळममध्ये मला, तेलुगूत मल, कन्नडात मले. तिरुमला, शबरीमला, आनैमलै, श्रीशैलमचा नल्लमला. मलबारमधला ‘मल’ही तोच. संस्कृतातला मलय पर्वत त्याच शब्दावरून आला हे तर सर्वमान्य आहे. सात कुलपर्वतांत ‘महेन्द्रो मलयः सह्यः’ अशी तिघांची नावं शेजारीशेजारी येतात. चंदनाला मलयज म्हणतात तेही यावरूनच. मग डोंगराळ जमिनीला माळ म्हणणारे आपण त्यांच्याकडूनच शब्द घेतला असणार. आपण कन्नडच्या शेजारी, सोलापूर तर अगदीच सीमेवर.

---

तुंगातीरी :

मी शिवमोग्ग्याला राहते, माहेर मिरजेचं. इथं ‘मलेनाडू’ हा शब्द रोजचा. शिवमोग्गा, चिक्कमगळूरू, हासनचा काही भाग, कोडगू. डोंगर, सुपारीच्या बागा, कौलारू घरं. त्याच्या पूर्वेला कोरडा सपाट मुलूख तो ‘बयलुसीमे’ आणि पश्चिमेला किनारा तो ‘करावळी’.

मराठी पाहुणे आले की एक गोष्ट नेहमी सांगावी लागते. कन्नडात दोन शब्द आहेत, मले आणि मळे. ‘ल’चा मले म्हणजे डोंगर, डोंगरातलं रान. ‘ळ’चा मळे म्हणजे पाऊस. आगुंब्याचा पाऊस बघून लोक पक्कं धरून चालतात की मलेनाडू म्हणजे पावसाचा देश. तसं नाही. डोंगराचा देश, आणि डोंगर म्हणून पाऊस. इंग्रजीत दोन्ही एकसारखे लिहितात म्हणून हा घोळ होतो. आपल्याकडे ल आणि ळ दोन्ही आहेत, आपल्याला ऐकून कळायला हवं.

अभंगवाट, म्हणूनच एक शंका. कन्नड मले ‘ल’चा आणि आखूड ‘म’चा आहे. आपला माळ ‘ळ’चा आणि लांब ‘मा’चा. मध्ये काय झालं?

---

स्वरव्यंजन :

तुंगातीरी यांनी बरोबर जागेवर बोट ठेवलंय. थोडं विस्ताराने लिहिते, कारण मराठीत याचं उत्तर बऱ्यापैकी पक्कं मिळतं.

संस्कृतात दोन स्वरांमध्ये एकेरी ‘ल’ असेल तर मराठीत त्याचा ‘ळ’ होतो. फल-फळ, कमल-कमळ, नील-निळा, माला-माळ. प्राकृतात जोड ‘ल्ल’ असेल तर मराठीत ‘ल’ राहतो आणि बहुतेकदा आधीचा स्वर लांब होतो. फुल्ल-फूल, भल्ल-भाला. सगळ्यात बोलकी जोडी ‘काळ’ आणि ‘काल’ ही आहे. संस्कृत ‘काल’ (वेळ) याचा झाला काळ, आणि ‘कल्य’ (पहाट) याचा प्राकृतात ‘कल्ल’ होऊन झाला काल, म्हणजे गेलेला दिवस. दिसायला जवळचे, आले दोन वेगळ्या वाटांनी.

आता माळ. ‘माल’ या एकेरी ल आणि लांब आ असलेल्या शब्दातून माळ तंतोतंत येतो, कसलीही ओढाताण न करता. मलै किंवा मलय यांतला आखूड अ मराठीत आपोआप लांब होत नाही. संस्कृत ‘मल’ म्हणजे घाण, त्याचा मराठीत मळ झाला, माळ नाही. त्याच नियमानं ‘मलय’कडून यायचं तर शब्द ‘मळ-’ असा सुरू झाला असता. म्हणून मराठी माळ हा सरळ कन्नडातून उचललेला शब्द धरता येत नाही. तो कालिदासाच्या ‘माल’चा वारस आहे. मलय मात्र निःसंशय दक्षिणेचा. डोंगर-उंचवट्याचे दोन शब्द शेजारी नांदले असं म्हणणं मला जास्त पटतं.

लिंगाकडेही बघा. ‘ती माळ’ गळ्यात घालायची, ती ‘माला’ या स्त्रीलिंगी शब्दातून. ‘तो माळ’ चढायचा. संस्कृतात जमिनीचा ‘माल’ नपुंसकलिंगी आहे, मराठीत पुल्लिंगी झाला. उच्चार एक झाले तरी बोलणाऱ्यानं लिंगावरून दोन्ही वेगळे ठेवले.

---

अभंगवाट :

स्वरव्यंजन, काल-काळ हे उदाहरण पटलं. मग माळवा? माळव्याचं पठार म्हणतातच की.

---

स्वरव्यंजन :

माळवा लोकांच्या नावावरून आलाय, जमिनीवरून नाही. मालव हे गण होते. सिकंदराच्या स्वारीच्या वेळी ते पंजाबात होते, ग्रीक त्यांना मल्लोई म्हणत. पुढे ते राजस्थानात आले. तिथं ‘मालवानां जयः’ असं कोरलेली त्यांची नाणी सापडतात. तिथून नाव खाली सरकत अवंतीच्या मुलखाला चिकटलं. मुलूख पठाराचा निघाला हा योगायोग.

---

बर्डीवाला :

नागपूरकडून लिहितो. आमच्याकडे माळ शब्द कमी, बरड आणि बर्डी जास्त. बरड म्हणजे मुरमाड, खडे असलेली, पाणी न धरणारी हलकी जमीन. बर्डी म्हणजे तशा खडकाळ जमिनीची छोटी टेकडी. नागपूरच्या मधोमध सीताबर्डी आहे, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला इंग्रज आणि भोसल्यांची लढाई झाली ती तिथल्याच दोन टेकड्यांवर. आज लोक कपडे घ्यायला ‘बर्डीवर जाऊन येतो’ म्हणतात. तिथं चढायचं काही उरलेलं नाही, पण ‘बर्डीत’ कुणी म्हणत नाही, ‘बर्डीवर’च म्हणतात. जमिनीची उंची त्या प्रत्ययात राहिली आहे.

आता मेघदूताबद्दल. यक्षाचा रामगिरी म्हणजे रामटेक हे मत मान्य केलं, आणि संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी त्याची मांडणी केल्यापासून बहुतेक लोक ते धरतात, तर तिथून उत्तरेची वाट माझ्या रोजच्या ओळखीची आहे. मनसर, देवलापार, खवासा, मग कुरईचा घाट. घाटात गाडी चढायला लागते, दोन्ही बाजूंना साग, आणि वर आलं की एकदम मोकळं सिवनीचं पठार. शेतंच शेतं. जूनच्या शेवटी तिथून गेलात तर नांगरलेल्या मातीचा वास काचा खाली केल्या की आत येतो. यक्षानं सांगितलेला माल हाच, असा माझा दावा नाही, कारण ढगाला आधी थोडं पश्चिमेला आणि मग आम्रकूट पर्वताकडे जायचं आहे. पण ‘आरुह्य’ म्हणजे काय ते त्या घाटात अंगाला कळतं.

---

माणदेशी :

बर्डीवाला, तुमची ‘वर’ आणि ‘त’ची गोष्ट फार मोलाची आहे. आमच्याकडेही ‘मळ्यात’ आणि ‘माळावर’. कुणीही ‘माळात’ म्हणत नाही. ‘रानात’ म्हणतात, ‘शेतात’ म्हणतात, पण माळ आला की ‘वर’ किंवा ‘माळाला’. कोशात अर्थ बदलला, बोलण्यानं उंची सोडली नाही.

---

कातळफूल :

रत्नागिरीकडे या जागेला सडा म्हणतात. माळापेक्षा वेगळी चीज आहे. माळ हा काळ्या खडकाचा मुरूम, सडा हा जांभ्याचा कातळ. गाव खाली खाचरांत, नारळी-पोफळीत. वर चढून गेलं की सपाट, काळपट-लाल कातळ आणि समोर समुद्र. उन्हाळ्यात अनवाणी पाय ठेववत नाही. पण जूनच्या पहिल्या सरीनंतर इथं दीपकाडी फुलते. पांढरी, सड्यावर ओळीनं उभी. जगात ती फक्त कोकणाच्या या पट्ट्यात आहे. श्रावण-भाद्रपदात कातळावरच्या उथळ पाण्यात सीतेची आसवं येतात, जांभळी.

आणि याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे. कशेळीला एका भल्यामोठ्या हत्तीच्या आकृतीच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेत. २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सड्यालाही सरकारी भाषेत पडीकच म्हणतात. कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी या पडीक जागेवर वाकून, तासन्‌तास घाव घालून चित्रं काढली. ती जागा त्यांच्यासाठी मोकळी होती, रिकामी नव्हती.

गोव्यातही हा शब्द आहे. वास्कोजवळ मुरगावच्या उंचावरच्या वस्तीला हेडलँड सडा म्हणतात. अनेकांना ते नुसतं गावाचं नाव वाटतं.

---

पवनाकाठचा :

मावळ राहिला की! आम्हाला शाळेत शिकवलं की सूर्य मावळतो त्या बाजूचा मुलूख म्हणून मावळ. पवन मावळ, आंदर मावळ, नाणे मावळ, हिरडस मावळ. डोंगराळ मुलूखच आहे हा. माळाशी काही नातं?

---

लेणीयात्री :

पवनाकाठचा, तुमच्याच तालुक्यात याचं उत्तर दगडावर कोरलेलं आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या सातवाहनकाळातल्या लेखात ‘मामाल’ या विभागाचा उल्लेख येतो. तिथल्या अमात्याला उद्देशून आज्ञा आहे. वलूरकच्या, म्हणजे कार्ल्याच्याच, लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंना करजक नावाचं गाव दिल्याची. अभ्यासक हा मामाल म्हणजे मावळ असंच धरतात. म्हणजे नाव जवळजवळ १९०० वर्षांचं आहे.

मामालचा मावळ होणं मराठीच्या रोजच्या रीतीत बसतं. स्वरांमधल्या म चा व : ग्राम-गाव, नाम-नाव. एकेरी ल चा ळ, वर आलंच आहे. सूर्य मावळण्याची गोष्ट कानाला गोड आहे, पण नाव तिच्या आधारावर उभं नाही. पुण्याहून पाहिलं तर मावळ पश्चिमेला येतो म्हणून ती जुळली. सातवाहनांचा कारभार मात्र पुण्यावरून दिशा ठरवत नव्हता.

शिवाय मावळ हा शब्द नेहमी खोऱ्याला लागतो. पवन मावळ म्हणजे पवनेचं खोरं, आंदर मावळ आंद्रेचं. कुठल्या डोंगरमाथ्याला मावळ म्हटलेलं ऐकलंय का? माथ्याला माथा, पठार, माची. तेव्हा माळ आणि मावळ वेगळेच.

---

पवनाकाठचा :

नाही, माथ्याला कधीच म्हणत नाही. खरं आहे. कार्ल्याला एकवीरेच्या जत्रेला किती वेळा गेलोय, तो लेख कुठल्या बाजूला आहे तेवढं सांगा, बघून येतो.

---

लेणीयात्री :

चैत्यगृहाच्या ओवरीत, दर्शनी भिंतीवर बरेच लेख आहेत. दुपारी तिरपं ऊन येतं तेव्हा अक्षरं उठून दिसतात. देवीच्या दर्शनाच्या गर्दीत थांबता येत नाही, जत्रा सोडून जा.

---

औशाची_लेक :

लातूरकडची मी. धागा वाचताना सारखं ‘माळवद’ आठवतंय. आमच्या जुन्या घरांना कौलं नसायची, माळवद असायचं. लाकडी तुळयांवर फळ्या, त्यावर पाला-कडबा आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, चोपून चोपून बसवलेला. उन्हाळ्यात रात्री माळवदावर झोपायचं, सांडगे-पापड तिथंच वाळायचे. पाऊस लागून राहिला की कुठून तरी गळायला लागायचं, मग भर पावसात मातीची पाटी घेऊन कुणीतरी वर. उंच, सपाट, मातीचं. माळाचाच भाऊ नाही का हा?

---

तुंगातीरी :

कन्नडात माळिगे आहे, ‘ळ’चाच. गच्ची, वरचा मजला, धाब्याचं घर. तमिळमध्ये माळिगै म्हणजे मोठी हवेली, महाल. माळवद, माळा (पोटमाळ्यातला) हे त्या घरबांधणीच्या कुळातले असावेत असं मला वाटतं. लातूर-सोलापूरची धाब्याची घरं आणि बिदर-कलबुर्गीची घरं एकाच हातची आहेत, तेव्हा शब्दही एकमेकांकडे गेले यात नवल नाही. जमिनीचा माळ मात्र वेगळा ठेवावा.

---

सातबारा :

नोकरी महसूल खात्यात झाली, आता निवृत्त आहे. ‘ओसाड’ कुठून आलं या मूळ प्रश्नाकडे वळतो. माझ्या मते शब्दाचा अर्थ कागदावर बदलला.

सातबाऱ्यावर क्षेत्र दोन भागांत लिहितात, लागवडीयोग्य आणि पोटखराबा. पोटखराब्यातही वर्ग अ आणि वर्ग ब. खडक, मुरूम, चढ अशी शेतीला न जमणारी जमीन अ मध्ये. नाले, रस्ते, सार्वजनिक वापराची ब मध्ये. आकारणी लागवडीवर, म्हणून जिथं नांगर चालत नाही ती ‘खराब’. मेंढरं चरतात, गवत कापतात, सरपण मिळतं, याला कागदावर रकानाच नाही. माळावरचं उत्पन्न हे चालतं-फिरतं उत्पन्न होतं, ते मोजायला कुणी बसलंच नाही. कैक पिढ्या असा कागद वाचला गेला की माणूस स्वतःच्या जमिनीलाही खराब म्हणायला लागतो.

हाच विचार वर दिल्लीपर्यंत गेलाय. केंद्राच्या पडीक जमिनींच्या ऍटलासमध्ये झुडपी आणि उघडी रानं पडीकमध्येच धरली जातात. २०१९ च्या आवृत्तीत देशभरातली अशी जमीन सुमारे ५.५८ कोटी हेक्टर, एकूण क्षेत्राच्या १६.९६ टक्के दाखवली आहे. त्या आकड्यात वाळवंट, खारपड, खाणींनी नासलेली जमीनही आहे आणि चांगली गवताळ रानंही. एकदा पडीक ठरली की तिथं काहीही करायला मोकळीक. झाडं लावा, सौर पॅनेल उभे करा, कारखान्याला द्या. माळावर झाडं लावणं हे पुण्यकर्म वाटतं, पण गवताळ माळावर दाट गिरिपुष्प लावलं तर गवत मरतं, आणि गवताबरोबर वर टिटवी_नान्नज यांनी लिहिलेले सगळे जातात. मी स्वतः अशा लागवडी उभ्या राहताना पाहिल्यात. हेतू चांगला होता, जमीन कुणी विचारली नव्हती.

---

मेंढवाडा :

सातबारा साहेबांनी आमचं म्हणणं लिहिलं. आम्ही फलटणकडचे धनगर. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरांसकट आमचा तळ, कोकणात उतरतो आणि पावसाच्या तोंडाला परत वर येतो. पावसाळ्याचे महिने माळावर. खाली चिखल असतो, मेंढराच्या खुराला चिखल चालत नाही, खूर सडतात. माळावर पाणी थांबत नाही, जमीन कोरडी राहते, गवत आखूड आणि गोड असतं. म्हणजे तुमच्या कागदात जो माळाचा दोष, वीतभर माती आणि पाणी न धरणं, तोच आमच्या कामाचा.

गवतंही सगळी एक नाहीत. पवना आणि मारवेल निघाली की मेंढरू डोळ्यांदेखत भरतं. कुसळी कोवळी असेपर्यंतच. एकदा तिला कुसळं धरली की ती लोकरीत घुसतात, कातडीला टोचतात, मग तिकडून वाडा हलवायचा. नुसतं ‘गवत’ लिहिणाऱ्याला हे कळत नाही.

बिरोबाला आरेवाडीला जाता तेव्हा आजूबाजूचा माळ बघा. देव तिथं आहे तो काय ओसाडीत बसलाय का?

---

टिटवी_नान्नज :

मेंढवाडा, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. चराई पूर्ण बंद केली की गवत गुडघ्याच्या वर जातं, आणि माळटिटवी, धाविक यांना उघडी आखूड जागा लागते. अति चराईनं माळ झिजतो, हेही डोळ्यांनी पाहिलंय. वाडा हलता राहणं हाच त्यातला तोल आहे.

---

माणदेशी :

सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या वर्गासाठी एक नोंद तयार केली आहे. मुलांनी वहीत ‘पडीक जमीन’च्या जागी ही लिहावी असा विचार आहे. बघून सुधारणा सुचवा :

माळ (पु.) : गावाच्या किंवा नदीच्या पातळीपेक्षा उंचावरची, बहुधा सपाट माथ्याची, मुरमाड व कमी मातीची उघडी जमीन. पावसावर हुलगा, मटकी, बाजरी यांसाठी कसली जाते, एरवी चराईला. झाडं कमी. संस्कृत ‘माल’ (उंच भूतल) यावरून. प्रयोग : ‘माळावर’, ‘माळाला’.

---

स्वरव्यंजन :

सुरेख आहे. ‘ती माळ’ वेगळी, संस्कृत ‘माला’वरून, एवढी एक ओळ जोडा. आणि ‘माळरान’ची वेगळी नोंद करा. माळाला जोडून असलेलं सगळं मोकळं रान त्यात येतं, एकटा माळ म्हणजे माळरान नव्हे.

---

मेंढवाडा :

बाई, ‘एरवी चराईला’ असं नका लिहू. चराई पहिली लिहा, पेरणी नंतर. पेरणी एखाद्या वर्षी होते, चराई दरवर्षी.

आणि ‘झाडं कमी’ काढून टाका. बोर, बाभूळ, हिवर, खैर, नेपती, तरवड ही नावं घाला. तरवड तर घालाच. भर उन्हाळ्यात शेरडंसुद्धा तिला तोंड लावत नाहीत म्हणून ती राहते, आणि नवरात्रात पिवळी फुलं माळावर दुसऱ्या कशाला नसली तरी तिला असतात. मुलांना तुमच्या शाळेमागंच दाखवता येईल.